१३१ नगांपासून ३८ नगांपर्यंत : आमच्या घरातील प्लास्टिकचे एक वर्ष

जुलै २०२४ च्या अखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा कोल्हापुरातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरात दर दोन तासांनी पाण्याची चौकशी होत होती. आमची इमारत रंकाळ्याच्या बाजूला, जरा उंचावर असल्यामुळे पाणी आमच्यापर्यंत आले नाही. पूर ओसरल्यावर, १७ ऑगस्टच्या शनिवारी, मी सासूबाईंना घेऊन घाटावर गेले. नदी पात्रात परतली होती. परंतु ती कुठवर चढली होती याची खूण काठच्या झाडांवर पिशव्यांच्या रूपाने राहिली होती. आमच्या डोक्याच्याही वरच्या फांद्यांना दुधाच्या, वेफर्सच्या आणि भाजीच्या पिशव्या चिकटून वाळत होत्या. बराच वेळ त्या बघत राहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्यातली आपली कुठली असंल गं?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला सुरुवात केली. १८ ऑगस्ट २०२४ ते १७ ऑगस्ट २०२५ या वर्षात आम्हा चौघांच्या घरात (मी, पती, सासूबाई आणि आठवीतला मुलगा) काय जमले, काय फसले आणि किती खर्च आला ते येथे क्रमाने लिहिते. मी सहकारी पतसंस्थेत काम करते. पर्यावरण हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही काहीही बदलले नाही. घरातून बाहेर पडणारे प्रत्येक प्लास्टिक धुऊन, वाळवून एका पोत्यात टाकायचे आणि रविवारी गच्चीवर ओतून मोजायचे, एवढेच ठरले होते. ३५० रुपयांचा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा घेतला. २५ ऑगस्टला मोजणी झाली : एकूण १३१ नग, वजन ६१० ग्रॅम. वजन ऐकून पती म्हणाले, "एवढंच?" मलाही क्षणभर तसेच वाटले. प्लास्टिक हलके असते आणि त्याची खरी अडचण त्या हलकेपणातच आहे, कारण ते वाऱ्याने उडते, पाण्यावर तरंगते आणि फांदीला अडकते. म्हणून पुढे वर्षभर मी वजनापेक्षा नगांच्या आकड्याला अधिक महत्त्व दिले, आणि जो कोणी हे करू पाहील त्याने तसेच करावे असे मला वाटते.

त्या १३१ मध्ये हातात दिल्या जाणाऱ्या पिशव्या ३४, बिस्किटे-वेफर्स यांची वेष्टने २९, दुधाच्या पिशव्या २८, किराणा मालाची पाकिटे १४ आणि बाकी किरकोळ २६ नग होते. किरकोळात औषधांच्या पट्ट्या, शाम्पूच्या पुड्या आणि घरपोच आलेल्या वस्तूंची पाकिटे होती. या यादीत मला एक गोष्ट प्रथमच दिसली. ३४ पिशव्यांपैकी एकही मी मागितलेली नव्हती. भाजी तोलून होईपर्यंत पिशवी फुंकर मारून उघडलेली असते, आणि आपण "नको" म्हणतो तेव्हा भाजी आत गेलेली असते. मग ती काढून दुसऱ्या पिशवीत ओता असे म्हणणे भांडखोरपणाचे वाटते आणि आपण गप्प बसतो. म्हणजे काय वापरायचे यापेक्षा केव्हा बोलायचे हे आधी शिकायला हवे होते.

ते शिकायला सप्टेंबर गेला. कपिलतीर्थ मंडईत पहिल्या दिवशी मी कापडी पिशवी खांद्याला अडकवून गेले आणि तरीही सहा पिशव्या घेऊन परतले, कारण पिशवी खांद्यावर होती, हातात नव्हती. दुसऱ्या खेपेला भाव विचारण्याआधीच पिशवीचे तोंड उघडून धरले. एक भाजीवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "पिशवी नको तर मेथी काय पदरात घेणार व्हय वैनी?" तो प्रश्न रास्तच होता. मेथी, कोथिंबीर, मिरच्या आणि टोमॅटो एकाच पिशवीत टाकले की घरी पोहोचेपर्यंत टोमॅटोचा लगदा होतो. म्हणून सासूबाईंच्या दोन विटलेल्या सुती साड्यांमधून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून १२ लहान-मोठ्या पिशव्या शिवून घेतल्या. प्रत्येकी १५ रुपये याप्रमाणे १८० रुपये झाले. लहान पिशव्या मोठीच्या आतच ठेवायच्या, धुतल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी, आणि मोठी पिशवी चपलांच्या स्टँडवरच्या खुंटीला टांगायची. कपाटात ठेवलेली पिशवी घरीच राहते, हा अनुभव किमान दहा वेळा घेतल्यावर खुंटी ठोकली.

येथे कापडी म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांविषयी सांगणे आवश्यक आहे. दुकानांत मिळणारी, हाताला कापडासारखी लागणारी, रंगीत आणि ठिपक्याठिपक्यांची पिशवी बहुधा कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच असते, फक्त न विणता दाबून तयार केलेली. वर्षभर वापरली की तिचा भुगा होऊ लागतो. ओळखायचे असेल तर तिचा एक लहान तुकडा कापून घराबाहेर काडीने पेटवून पाहावा : सूत कागदासारखे जळून राख होते, प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्या घरात अशा १९ पिशव्या निघाल्या, ज्यांना मी आजवर पर्यावरणस्नेही समजत होते.

कायदा माझ्या बाजूने आहे हे मला ठाऊक होते. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. परंतु दिवसाला चार-पाचशे रुपये मिळवणाऱ्या मावशींना मी दंडाचा आकडा ऐकवणे मला बरे वाटले नाही. पिशवी उघडून धरण्याचा परिणाम त्यापेक्षा लवकर झाला. महिनाअखेरीस त्या मला बघूनच तराजूचे पारडे थेट पिशवीत रिकामे करू लागल्या. यात त्यांचीही पिशवी वाचते.

दरम्यान ७ सप्टेंबरला गणपती आले. सजावट कागदाची आणि जुन्या साडीची केली, विसर्जन पालिकेने ठेवलेल्या काहिलीत (मोठ्या कढईत) केले. निर्माल्य मात्र मी सवयीने प्लास्टिकच्या पिशवीतच नेले आणि ती पिशवी निर्माल्यासह कुंडात पडायच्या आत मुलाने माझा हात धरला. त्याच रात्री निर्माल्यासाठी वेताची परडी बाजूला काढली.

श्रावण आणि गणपती झाल्यावर, २२ सप्टेंबरच्या रविवारी, मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत मी कडीचा स्टीलचा डबा घेऊन उभी राहिले. मला या गोष्टीचा सर्वांत जास्त संकोच वाटत होता, आणि हीच सर्वांत सोपी निघाली. दुकानदार म्हणाला, "डबा आणलाय व्हय? द्या की हिकडं, आधी धडा करतो." त्याने रिकाम्या डब्याचा धडा केला, मग मटण तोलले. मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले की पूर्वी सगळेच डबे आणायचे. धडा करायला आठवणीने सांगावे, अन्यथा डब्याचे वजनही मटणाच्या भावाने पडते. एवढीच सूचना येथे पुरेशी आहे. असे दोन डबे ८४० रुपयांना पडले.

रश्श्याचे मात्र असे सुखाने झाले नाही. मिसळीचा कट असो की तांबडा-पांढरा रस्सा, आपल्याकडे पार्सल म्हटले की गरम रस्सा पातळ पिशवीत ओतून तिला रबर लावतात. १० नोव्हेंबरला दिवाळीनिमित्त पाहुणे आले होते, म्हणून मी त्याच कडीच्या डब्यांत दोन्ही रस्से घेतले आणि स्कूटरच्या डिकीत ठेवले. पहिल्याच गतिरोधकावर तांबडा पांढऱ्याला भेटला आणि दोघे मिळून माझ्या बँकेच्या कागदांना भेटले. डिकीतला वास संक्रांतीपर्यंत गेला नाही. त्यानंतर झाकणाला रबर असलेली ३९० रुपयांची किटली घेतली. ती उभी राहावी म्हणून तिच्याभोवती जुना टॉवेल गुंडाळावा आणि ती काठोकाठ भरू नये. आता हॉटेलात दिल्यावर "किटली आलीय बघ" अशी आरोळी ऐकू येते.

दुधाचा बदल १ ऑक्टोबरला झाला आणि आकड्यात मोठा फरक त्याने पडला. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून दूध मिळते हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. परंतु रोज तिथवर जाणे आम्हाला जमणारे नव्हते. म्हणून पतींनी ओळखीने एका गवळ्याकडे दोन लिटरचा रतीब लावला. तो सकाळी सव्वासहाला येतो, माप घालून आमच्या पातेल्यात दूध ओततो आणि कॅलेंडरवर खाडे मांडायचे काम सासूबाईंकडे असते. पिशवीच्या दुधापेक्षा महिन्याला साधारण १५० रुपये जास्त जातात. हे दूध निर्जंतुक केलेले नसते, त्यामुळे आल्याबरोबर चांगले उकळावे लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत एकदा उकळून भागत नाही; आमचे दूध दोनदा नासले. गवळ्याच्या गावच्या जत्रेला चार दिवस खाडा पडला तेव्हा पुन्हा पिशव्या आणल्या. त्या आणताना एक गोष्ट पाळतो : पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, फक्त चीर द्यायची. तो नखाएवढा तुकडा पुन्हा कोणाच्याही हाती लागत नाही, तर अखंड, धुऊन वाळवलेली पिशवी भंगारवाला किलोवर घेतो.

सासूबाईंशी माझा मतभेद झाला तो याच सुमारास. त्यांच्या गादीखाली पिशव्यांनी भरलेली एक पिशवी आहे, जशी ती बहुतेक घरांत असते, आणि उत्साहाच्या भरात मी ती रिकामी करायला निघाले होते. स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्या मांडायचाही माझा विचार होता. त्या म्हणाल्या, "धडधाकट वस्तू टाकून नवीन आणायची, ह्यात कचरा कमी झाला की वाढला?" मी दोन दिवस रागावून राहिले आणि तिसऱ्या दिवशी बरण्यांचा बेत सोडला. ते डबे आजही आहेत. त्यांत आता गरम पदार्थ ठेवत नाही, इतकेच. गादीखालच्या पिशव्या कचऱ्याच्या बादलीला लावून संपवायला सात महिने लागले.

आता कचेरीच्या कामाविषयी. घरात वेगळा केलेला सुका कचरा खाली इमारतीच्या एकाच पिंपात जात होता, त्यामुळे आमची धुण्या-वाळवण्याची मेहनत आमटीच्या खरकट्यात बुडत होती. तेव्हाच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा ठेवणे हे कचरा करणाऱ्याचेच कर्तव्य होते. १५ डिसेंबरच्या रविवारी इमारतीची सभा झाली. १२ पैकी ८ घरांची माणसे आली आणि दीड तासापैकी सव्वा तास पार्किंगवर चर्चा झाली. उरलेल्या पंधरा मिनिटांत दोन पिंपे ठेवण्याचा ठराव झाला. १८ डिसेंबरला अर्धी रजा टाकून मी सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या फेरीसाठी अर्ज घेऊन पालिकेत गेले. तेथे सांगण्यात आले की अर्ज इमारतीच्या शीर्षपत्रावर हवा आणि सोबत ठरावाची प्रत हवी. दुसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन गेले, तर आवक-जावक पाहणारे कर्मचारी जेवायला गेले होते. पाऊण तास बाकावर काढला. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये, हे मला पतसंस्थेतल्या नोकरीने शिकवले होते. त्यानंतर २१ दिवस काहीही झाले नाही. ९ जानेवारीला मी आवक क्रमांक सांगून विचारणा केली आणि त्याच दुपारी आरोग्य निरीक्षक व मुकादम इमारत बघून गेले. बुधवार आणि शनिवार हे सुक्या कचऱ्याचे दिवस ठरले आणि १५ जानेवारीपासून ते सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब अजूनही सुक्या पिंपात खरकटे टाकते. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

संक्रांतीला मात्र पंचाईत होती. हळदीकुंकवाचे वाण म्हणून गेली कित्येक वर्षे मी प्लास्टिकचे डबे, गाळणी, साबणाच्या डब्या लुटल्या आहेत आणि तितक्याच घरी आणल्या आहेत. यंदा २५ सवाष्णींना मलमलच्या भाजीच्या पिशव्या दिल्या, प्रत्येकी २२ रुपये पडले. काहींनी त्यात देवपूजेचे वस्त्र ठेवले, एकीने लसूण टांगला. मंडईत घेऊन आलेल्या दोघीच मला दिसल्या. बाकी वाणात मला चार प्लास्टिकच्या वाट्या मिळाल्या. त्या मी नको म्हणू शकले नाही, वाण कोणी परत करत नाही.

जे फसले तेही सांगते. शाम्पूच्या पुड्या सोडून शिकेकाईकडे वळण्याचा प्रयत्न पाच आठवडे चालला. सकाळी आठला कामावर निघणाऱ्या बाईला तो झेपत नाही. आता मोठी बाटली आणतो, त्यामुळे पुड्या गेल्या, बाटली राहिली. मुलासाठी शाईचे पेन आणले. दोन शर्ट आणि एक भिंत खर्ची पडल्यावर पुन्हा बॉलपेन आले, मात्र आता फक्त रिफिल विकत घेतो. सॅनिटरी पॅडमध्येही बरेच प्लास्टिक असते हे अनेकींना ठाऊक नसते. मासिक पाळीचा कप वापरायला मला तीन पाळ्या लागल्या, पहिल्या वेळी तर मी रडकुंडीला आले होते. ज्यांना सुरू करायचे असेल त्यांनी सुटीच्या दिवशी, घरी असताना करावे आणि काही त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

एप्रिलमध्ये चटणीचे दिवस आले. लक्ष्मीपुरीतून ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पोत्याच्या कापडी पिशवीतच आणली, घरी देठ खुडले, मसाला भाजला आणि डंकावर (मिरची कांडायच्या गिरणीत) नेताना मोठे डबे सोबत घेतले. डंकवाल्याने कोणताही प्रश्न विचारला नाही. गिरणीत पीठ दळायलाही आपण डबाच नेतो. गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरून कापडात बांधून आणला. रतीब, डंक, गिरणी, गुऱ्हाळ या ठिकाणी मला काहीच नवीन शिकावे लागले नाही. भांडे नेण्याची रीत तेथे अजून मोडलेली नाही.

वर्षाचा एकूण खर्च असा झाला : काटा ३५०, पिशव्या १८०, डबे ८४०, किटली ३९०, म्हणजे १,७६० रुपये. वाणाचे ५५० रुपये मी यात धरत नाही, कारण वाण दरवर्षी असतेच. दुधाचा वाढीव खर्च वेगळा.

१७ ऑगस्ट २०२५ ला शेवटची मोजणी झाली. ३८ नग, १९० ग्रॅम. त्यांत हातात दिलेली पिशवी एकही नव्हती आणि दुधाचीही नव्हती. किराणा मालाची पाकिटे ८, औषधांच्या पट्ट्या ५, घरपोच मालाची पाकिटे ४, बाकी ४, आणि बिस्किटे-वेफर्स यांची वेष्टने १७. ती २९ वरून १७ वर आली, तीही घरी चिवडा आणि भडंग केल्यामुळे. त्याखाली मुलगा येऊ द्यायला तयार नाही. या वेष्टनांत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात, ते सुटे करता येत नाहीत, म्हणून त्यांना भंगारात किंमत नसते. सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये ती जळण म्हणून वापरतात, पण त्यासाठी ती टनांनी गोळा व्हावी लागतात. गुढीपाडव्यापासून मुलाच्या हट्टाने आम्ही ती धुऊन एका वेगळ्या पोत्यात साठवली होती. त्या रविवारी भंगारवाला आला, तेव्हा त्याने बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या तोलून ४६ रुपये दिले. मग त्याने ते दुसरे पोते उचलले, आत हात घालून पाहिले आणि गॅलरीत होते तिथेच पुन्हा ठेवले.

"हे न्हाई चालत वैनी," तो म्हणाला, "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."